वेताळाचा पोशाख राहू द्या, गुरानची जागा बदला

चित्रकथेवरून मालिका निघाली की पहिलं भांडण कपड्यांवरून होतं. वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'च्या, बाबतीतही तेच झालं. 2009 साली 'द फँटम' ही दोन भागांची लघुमालिका आली. तिच्यात अंगासरशी बसणारा जांभळा पोशाख जाऊन चिलखतासारखं काहीतरी आलं होतं आणि ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी पार गायब होती. जुने वाचक त्यावरूनच संतापले. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली बाई आहे. तो पोशाख मलाही प्रिय आहे, पण नुसत्या कपड्यांसाठी मी एवढं लिहिलं नसतं. निर्मात्यांनी बदल केले याचाही मला राग नाही. जे बदलणं गरजेचं होतं त्याला त्यांनी हात लावला नाही आणि जे जिवापाड जपायचं ते सहज टाकून दिलं, ही माझी तक्रार आहे. वेताळावर पुन्हा कुणी मालिका काढेल तेव्हा हाच घोळ होऊ नये, म्हणून हे सविस्तर मांडते.

वेताळ आमच्याकडे मराठी बोलत आला, ही गोष्ट मी फार मोठी मानते. टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि 1990 पर्यंत चालवलं. सुरुवातीला त्या कामात अनंत पै होते. पुढे 1967 मध्ये त्यांनी अमर चित्र कथा काढली. वेताळाच्या मूळ कथा ली फॉक यांच्या. 17 फेब्रुवारी 1936 पासून त्या अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एक पट्टी अशा छापून येत होत्या. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जो वेताळ आहे तो बहुतेक साय बॅरी यांनी काढलेला. 1961 ते 1994 इतकी वर्षं तो त्यांच्या हातात होता. न्यूयॉर्कमध्ये काढलेलं हे चित्र परभणी, पूर्णा, जालना अशा मीटरगेजवरच्या स्टेशनांत, एसटी स्टँडवरच्या बुक स्टॉलवर आणि तिथून रद्दीवाल्याकडे पोहोचायचं. एक अंक अख्ख्या गल्लीत फिरायचा. फिरता फिरता मुखपृष्ठ निघून जायचं, कधी शेवटचं पानही. मग पुढं काय झालं असेल ते आम्ही लेकरंच ठरवायचो.

यात एक नवल आहे. मराठवाड्यात जंगल आहेच किती? किनवट-माहूरकडचा सागाचा पट्टा आणि इकडं गौताळा एवढं सोडलं, तर आमच्या बहुतेकांना रान म्हणजे शेत आणि गावाबाहेरच्या बाभळी. लातूरकडच्या लेकराला घनदाट झाडी बघायची तर एक दिवसाचा प्रवास करावा लागे. अशा मुलखात जंगलातल्या माणसाची कथा इतकी का रुजली?

माझं उत्तर असं, की वेताळ मरतो. 1938 साली आलेला सुपरमॅन परग्रहावरचा होता. त्याच्या आधी दोन वर्षं आलेल्या वेताळाकडे कुठलीच शक्ती नव्हती. गोळी लागली तर त्याला रक्त येई. 1536 मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन तो शपथ वाहतो, की चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी जगेन आणि माझी मुलं, त्यांची मुलं हेच पुढं चालवतील. आम्ही वाचायचो तो एकविसावा. जंगलाला वाटायचं की हा अमर आहे. कवटीच्या गुहेत वीस वेताळांच्या कबरी आहेत, हे मात्र त्या रानातल्या बांदार जमातीला, थोड्या जवळच्या माणसांना आणि आम्हाला, वाचकांना, ठाऊक असायचं. हे गुपित सांभाळण्यात आम्हीही सामील होतो. आमच्याकडे बापाची वारी लेक चालवतो. बाप गेला त्या वर्षीही खांद्यावरची पताका खाली ठेवत नाहीत. वेताळाची शपथ समजायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही ते याच्यामुळेच. दारूच्या गुत्त्यात जाऊन निवांत दूध मागवणारा हा दणकट माणूस आमच्या आयांनाही चालायचा, हा आणखी एक फायदा.

आता 2009 ची मालिका. दिग्दर्शक पाओलो बार्झमन, नायक रायन कार्न्स. न्यूयॉर्कमधला कायदा शिकणारा एक मुलगा, गच्च्या-भिंतींवरून उड्या मारत धावण्याचा शौकीन. दत्तक गेलेला असल्यामुळे आपण कोण हे त्याला माहीत नाही. एक दिवस त्याला सांगण्यात येतं, की तू बाविसावा वेताळ. एक गुप्त संघटना त्याला उचलते, तळावर नेते, शिकवते आणि अंगावर यंत्रांचा पोशाख चढवते. त्या पोशाखानं त्याला बळ येतं. पलीकडे खलनायकांची टोळी टीव्हीच्या डब्यांमधून घराघरातल्या लोकांची डोकी ताब्यात घेण्याचा बेत रचत असते. चित्रकथेतली वेताळाची प्रेयसी डायना पामर, तिच्या जागी दुसरीच मुलगी आहे.

कुळाबाहेर वाढलेला वारस ही कल्पना मला मनापासून आवडली. ज्या घरात तो वाढला नाही त्या घराचं देणं एकाएकी त्याच्या अंगावर पडतं. या पोरानं ती शपथ का घ्यावी? न पाहिलेल्या वीस-एकवीस पूर्वजांसाठी स्वतःचं एकुलतं आयुष्य का द्यावं? लघुमालिकेनं हा प्रश्न धरून ठेवला असता तर मी तिला डोक्यावर घेतलं असतं. पण प्रश्न उभा राहतो न राहतो तोच प्रशिक्षण सुरू होतं, आणि वारसा ही नेमणूक होऊन बसते. संघटनेला वेताळ हवा होता, तिनं तो नेमला. बळ पोशाखात आहे म्हटल्यावर तो पोशाख कुणालाही चालेल. मग तो दुबळा, मरणारा, तरीही उभा राहणारा माणूस जातो कुठे?

त्याहून मोठी चूक खलनायकांच्या नावात आहे. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं. ते 1936 साल होतं. तिकडच्या लेखकाला पूर्वेकडचं एक भारदस्त नाव हवं होतं, त्यानं ते उचललं. इंद्रजालवाल्यांनी ते तसंच पुढं ढकललं नाही. त्यांनी चाच्यांना 'सिंगा' केलं. वेताळाच्या देशाचं नाव बंगालशी घोटाळा करतं म्हणून 'डेंकाली' केलं. वाचक कोण आहे, त्याच्या शेजारी कोण राहतं, याचा विचार करून केलेले ते बदल होते, आणि त्यानं कथेचा केसही वाकला नाही. 2009 च्या मालिकेनं पोशाख बदलला, शहर बदललं, नायिका बदलली आणि 'सिंग ब्रदरहुड' मात्र तसंच ठेवलं. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत पगडी आणि दाढी पाहून शीख माणसांवर हल्ले झाले होते. अ‍ॅरिझोनात एका शीख पेट्रोलपंप मालकाचा चार दिवसांत खून झाला होता. तरी त्यांना हे नाव खटकलं नाही. आमचं नांदेड हे गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या दिवसांचं गाव. 2008 मध्ये तिथं गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली, देशातून आणि परदेशातून माणसं आली. त्या गावातलं शीख लेकरू पुढच्याच वर्षीची ही मालिका बघत बसलं, तर जगाला वेठीस धरणाऱ्या टोळीला आपलं नाव दिलेलं त्याला ऐकू येणार. जुन्या कथेशी निष्ठा म्हणून हे ठेवलं असेल तर ती निष्ठा मला नको. वाचकाची काळजी इंद्रजालच्या त्या अनामिक अनुवादकांनी जास्त घेतली होती.

'मूळ कथेला हात लावू नका' असं म्हणणाऱ्या चाहत्यांशीही माझं पटत नाही ते याचसाठी. कथा हात लावल्यानं बाटत नाही. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात रामायण मराठीत आणलं. वाल्मीकींची कथा आपल्या लोकांना, आपल्या बोलीत, आपल्या भक्तीसह सांगितली आणि ती पुरी होण्याआधी देह ठेवला. शिष्य गावबानं ती पूर्ण केली अशी परंपरा आहे. त्या मातीतल्या माणसाला बदलाची धास्ती कशाला? कथा सांगणाऱ्याला एवढंच विचारायचं, की बाबा, तू जे बदललंस ते कुणासाठी?

आता गुरानकडे येते. खरा पेच त्याच्यापाशी आहे.

बांदार ही डेंकालीच्या खोल रानातली बुटक्या माणसांची जमात, विषारी बाणांची. गुरान त्यांचा म्होरक्या आणि एकविसाव्या वेताळाचा लहानपणापासूनचा मित्र. कथेनुसार पहिला वेताळ किनाऱ्याला लागला तेव्हा बांदार लोक वसाका नावाच्या धिप्पाड माणसांचे गुलाम होते. त्यानं त्यांना सोडवलं. वसाका ज्या देवाच्या मूर्तीला भीत, तिच्यासारखाच वेश त्यानं करून घेतला, आणि तोच पुढं वेताळाचा पोशाख झाला. लहानपणी हे सगळं आम्ही डोळे विस्फारून वाचलं. मोठेपणी वाचताना मात्र घशात अडकतं. गुलामगिरीतून सुटलेली जमात चारशे वर्षं तिला सोडवणाऱ्याच्या सिंहासनाभोवती पहारा देते. त्याच्या लेकाला वाढवते, त्याचं मरण लपवते, त्याचा दरारा टिकवते. तिच्यातला कुणी त्या कवटीच्या सिंहासनावर बसत नाही. बसावं असं कुणाच्या मनातही येत नाही. बाहेरून आलेला एक गोरा माणूस भीतीच्या आणि दंतकथेच्या जोरावर रानावर राज्य करतो, आणि ते भलं राज्य आहे असं आम्हाला सांगितलं जातं.

हा आक्षेप परदेशी अभ्यासकांकडून उसना घ्यायची मराठवाड्याला गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. गावकुसाबाहेरची पोरं तिथं येऊन शिकली, लिहू लागली. दुसऱ्यानं दिलेली सुटका आणि स्वतः मिळवलेली सुटका यांत किती अंतर असतं, हे त्या पिढीनं आम्हाला दाखवलं. जुलै 1978 मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. त्यावर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. इंद्रजालचे अंक याच वर्षांत स्टँडवर लटकत होते. पाटीवर कुणाचं नाव असावं यासाठी ज्या प्रदेशात रक्त सांडलं, तिथल्या वाचकानं सिंहासनावर कोण बसतो हा प्रश्न विचारायचाच.

ली फॉक यांनाही काळाची चाहूल लागली होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. 1960 च्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत होते, तेव्हा त्यांनी वेताळाच्या देशाला लुआगा नावाचा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष दिला. तो लोकांनी निवडून दिलेला. जनरल बबाबू मतदान मानायला तयार नव्हता, तेव्हा वेताळानं लुआगाला साथ दिली. खुर्ची स्वतः घेतली नाही. म्हणजे मूळ चित्रकथा स्वतःच पुढं सरकत होती. तिच्यावरून 45 वर्षांनी केलेल्या मालिकेनं या वाटेवर आणखी चार पावलं टाकायला हवी होती. तिनं काय केलं? गुरानची बाई केली. सँड्रीन होल्ट या अभिनेत्रीनं ती भूमिका केली, चांगली केली. पण ही गुरान पुन्हा वेताळाच्या मदतीला उभी आणि तिचं स्वतःचं म्हणणं पुन्हा नाही. पात्राचं लिंग बदललं, पायरी बदलली नाही. राहता राहिला वेताळाचा देश. बहुतेक गोष्ट न्यूयॉर्कमध्ये आणि संघटनेच्या तळावर घडल्यामुळे त्याची अडचण आपोआप मिटली. काळे लोक, त्यांचं राज्य, त्यांचा राग यातलं काही दाखवायचं नाही म्हटलं की प्रश्नच उरत नाही. या पळवाटेला आधुनिकता म्हणायचं असेल तर मी म्हणणार नाही.

तुलनेला 'फँटम 2040' घ्या. 1994 ते 1996 या काळातली, 35 भागांची ही अ‍ॅनिमेशन मालिका. पात्रांची घडण पीटर चुंग यांची. इथं तर सगळंच बदललेलं. चोविसावा वेताळ, मेट्रोपिया नावाचं महानगर, यंत्रमानव, उडत्या गाड्या. इथलाही मुलगा कॉलेजात शिकणारा, बाप लहानपणीच गेलेला, हेलोइज आत्यानं वाढवलेला. त्याच्याही पोशाखात यंत्रं भरलेली आहेत, म्हणजे माझा राग यंत्रांवर नाही हे लक्षात यावं. गंमत ही, की 2009 च्या मालिकेची सुरुवातीची मांडणी जवळजवळ हीच आहे आणि तरी दोघींच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 2040 चं जग संसाधनांसाठी झालेल्या युद्धांनंतरचं आहे. एक प्रचंड कंपनी उरलंसुरलं सगळं गिळायला निघाली आहे, तिची मालकीण रिबेका मॅडिसन. शहराच्या पोटात एक जंगल दडून वाढतं आहे आणि पृथ्वी वाचायची तर ते वाचलं पाहिजे. म्हातारा गुरान त्या पोराला त्याच्या कुळाची ओळख करून देतो. त्याला ठाऊक आहे ते त्या घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. शपथेतली 'हाव' इथं चाच्यांच्या जहाजातून उतरून कंपनीच्या कचेरीत बसली आहे. जवळजवळ पाच शतकांपूर्वीची शपथ आजच्या शत्रूवर अशी लागू पडताना पाहिली की अंगावर काटा येतो.

मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्यानंतर 'संसाधनांची युद्धं' हे शब्द ऐकले की आम्हाला ती पोरांची गोष्ट वाटत नाही. दुष्काळी भागातल्या प्रेक्षकाला ही मालिका जितकी भिडेल, तितकी कदाचित तिच्या निर्मात्यांनाही कल्पना नसेल. पोशाख, गाव, काळ, चेहरे सगळं बदलूनही मला ती सर्वांत निष्ठावंत वाटते. 1996 चा बिली झेनचा चित्रपट जांभळा पोशाख आणि 1930 चं दशक जपून बसला, आणि प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मला तो गोड वाटतो, इतकंच.

शपथेतल्या एका शब्दावर मात्र माझा स्वतःचा दावा आहे. 'माझी मुलं' म्हणजे मुलगेच का? चित्रकथेतच याला छेद देणारी एक जागा आहे. सतरावा वेताळ जखमी होऊन पडतो तेव्हा त्याची बहीण ज्युली तो पोशाख चढवते आणि जंगल सांभाळते. जंगलाला पत्ता लागत नाही. भाऊ बरा झाला की ती पोशाख उतरवते. फॉक यांनी हे 1950 च्या दशकात लिहिलं. एकविसाव्या वेताळालाही जुळी आहेत, किट आणि हेलोइज. दोघं त्याच गुहेत खेळतात, मग बावीसावं नाव एकाचंच का? डायना तर लग्नाआधीपासून संयुक्त राष्ट्रांत काम करणारी, पट्टीची जलतरणपटू. 1977 मध्ये लग्न झालं तरी तिनं नोकरी सोडली नाही. शेतातलं अर्धं काम बाया करतात आणि सात-बाऱ्यावर नाव पुरुषाचं लागतं, अशा मुलखात मी राहते. मालिकेवाल्यांना बदलच करायचे होते तर ज्युली समोर उभी होती, हेलोइज समोर उभी होती. त्यांनी जुन्याच मुलग्याला नवं चिलखत दिलं.

यावर निर्माते नेहमी एक उत्तर देतात, की आजच्या पोरांना वेग लागतो, यंत्रं लागतात, हे जुनं चालत नाही. हे आकड्यांवर सिद्ध करणं त्यांचं काम, माझं नाही. पण ऑस्ट्रेलियात वेताळाचं नियतकालिक 1948 पासून आणि स्वीडनमध्ये 1950 पासून चालत आलं आहे. स्वीडनवाले तर मूळ पट्ट्या छापून थांबले नाहीत. त्यांनी आपले लेखक आणि चित्रकार बसवले, नव्या कथा रचल्या, इतिहासातले वेताळ उभे केले. आपल्या वाचकांसाठी दुसऱ्याच्या नायकाला वाढवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. आमच्याकडे हा नायक मराठीत घराघरात होता तेव्हा आम्ही फक्त अनुवाद केले. अनुवाद उत्तम होते, म्हणून तर आम्ही आजही या गोष्टीवर भांडतो. पण टीव्हीवरचा मराठी बोलणारा वेताळ काही माझ्या पाहण्यात आलेला नाही. गल्लीतल्या ज्या लेकरांनी त्याला मोठं केलं, त्यांच्या नातवंडांना तो आता इंग्रजीत किंवा हिंदीत भेटतो, भेटलाच तर.

हक्क अमेरिकेत किंग फीचर्सकडे आहेत. पुढची मालिका कुणी काढली, तर तिच्या लेखकांच्या खोलीत त्यांनी एक जागा अशा माणसाला द्यावी ज्याच्या आजोबांनी गावकुसाबाहेरून शाळेपर्यंतची वाट चालली आहे. नांदेड, परभणी, औरंगाबादेत अशी लिहिणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यांतल्या कितीतरींनी इंद्रजाल वाचलेलं आहे. त्या माणसानं गुरानचा भाग लिहावा. विसावा वेताळ गुहेत शेवटच्या घटका मोजतो आहे, त्याचा मुलगा अजून परदेशात शिकतो आहे, आणि तरुण गुरानला रानात कुणालाही कळू न देता महिने काढायचे आहेत. रात्री तो जांभळा पोशाख स्वतः अंगावर घालतो. त्याच्या मापाचा नसतो, म्हणून पायाशी दुमडतो. बाहेर वसाकांचे वंशज आणि बांदारांची तरुण पोरं एकाच वेळी जाब विचारायला आलेली असतात. त्या रात्री गुरान काय बोलतो, हे मला ऐकायचं आहे, आणि मराठीतून ऐकायचं आहे.